कडुबा मापाड्याचं पोट

लासूर स्टेशनच्या बाजारात कडुबा मापाड्याच्या काट्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. आडत दुकानातल्या एखाद्या माणसानं मक्याच्या गोणीला सहज म्हणून गुडघा टेकवला, तरी कडुबा वजन घ्यायचा थांबे, पेन्सिल कानावर खोची आणि अख्ख्या ओट्यासमोर त्याची बिनपाण्यानं करी. "गुडघा काढ आधी. मक्याचं वजन करायचंय, तुपलं नाय!" गंगापूर-वैजापूरकडचे शेतकरी त्याच्या काट्यावर नंबर लागावा म्हणून ट्रॅक्टर घेऊन तासतासभर ताटकळत. आडते त्याच्यावर खार खाऊन असत, पण कडुबानं सांगितलेल्या आकड्यावर भांडण होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तीस वर्षांत काटा मारल्याचा आळ त्याच्यावर एकदाही आला नाही. असल्या माणसाचा काटा त्याच्याच घरच्यांनी मारला, तोही त्याच्या भल्यासाठी, आणि त्या भल्यापायी तो मरता मरता वाचला.

दोन हजार पंधराचा पावसाळा असा कोरडा गेला की पोळ्याला बैल धुवायचं पाणीही टँकरमधून मागावं लागलं. मका गुडघ्याएवढा होऊन जागीच वाळला. दिवाळीनंतर बाजारात गाड्या यायच्या जवळजवळ बंद झाल्या आणि कडुबा रिकाम्या ओट्यावर बसून दिवसभर तंबाखू मळू लागला. काम नाही म्हणून जेवायला जायचं नाही, जेवण नाही म्हणून चहावर चहा. पोटात आग पडायची. ती पडली की तो खायचा सोडा पाण्यात टाकून घटाघटा पिई, एक ढेकर देई आणि विसरून जाई. सत्तावन्न वर्षांत त्यानं पोटाकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. चार भाकरी, ठेचा आणि वर तांब्याभर पाणी, एवढं पोटात ढकललं की पोटानं आपलं काम करावं आणि गप राहावं, असं त्याचं म्हणणं होतं.

जानेवारीत तो ओट्यावरच चक्कर येऊन पडला. शौचाला डांबरासारखी काळी होत होती, हेही त्यानं आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. गावातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि औरंगाबादला जाऊन पोटाची दुर्बिणीतून तपासणी करा म्हणून चिठ्ठी दिली. मुलगा सत्यम वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होता आणि पडेगावला फ्लॅट घेऊन राहत होता. त्यानं बापाला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. नळी घशातून आत गेली, पोटातला एक तुकडा तपासायला गेला आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला. जठराच्या खालच्या भागात कॅन्सर होता.

सर्जन डॉक्टर हिमानी पस्तिशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सत्यमला आणि त्याच्या मामाला, आप्पासाहेबांना, समोर बसवून सांगितलं, "पहिल्याच टप्प्यावर सापडलाय. इतक्या लवकर क्वचित सापडतो. ऑपरेशन करून टाकू, बरे होण्याची शक्यता खूप चांगली आहे. पण ऑपरेशननंतर खाण्यापिण्याची सवय मुळापासून बदलावी लागेल. पेशंटला सगळं समजावून सांगावं लागेल."

आप्पासाहेब निवृत्त ग्रामसेवक. पाहुण्यारावळ्यांत शहाणा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. सोयरीक असो नाहीतर भाऊबंदकी, शेवटचा शब्द त्यांचा. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांनी इथंही शेवटचा शब्द टाकला.

"दाजीला कळता कामा नाय. नाव ऐकूनच माणूस हाय खातो. अल्सर झालाय म्हणायचं, गाठ काढली म्हणायचं, झालं."

"आन आईला?" सत्यमनं विचारलं.

"पारूला तं मुळीच नाय. तिच्या पोटात काय राहतंय? संध्याकाळपर्यंत गावभर व्हईल."

सत्यम परत आत गेला आणि आम्हीच घरी नीट समजावून सांगतो, असं डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही. त्यांनी मला विचारलं तर खरं सांगेन. आणि ऑपरेशनच्या आधी तुम्ही सांगायलाच हवं." सत्यमनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी येऊन बापाला सगळं सांगितलं म्हणाला. म्हणजे एका खोट्यावर लगेच दुसरं खोटं चढलं. ज्याचं पोट होतं तो माणूस चार पावलांवर, वॉर्डातल्या खाटेवर बसून, इथला चहा किती पांचट आहे यावर शेजाऱ्याशी बोलत होता. त्याला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. डॉक्टर खाटेजवळ आल्या की सत्यम नाहीतर आप्पासाहेब तिथं हजर असत आणि कडुबानं तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळे होत. संमतीच्या इंग्रजी कागदावर त्यानं सही केली ती सत्यमनं वाचून दाखवलेल्या एका वाक्यावर: पोटातला खराब भाग काढणार.

मार्चच्या मधल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. जठराचा खालचा दोन तृतीयांश भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढल्या, उरलेलं जठर आतड्याला जोडलं. कडुबाला एवढंच कळलं की पोटावर चार भोकं आणि एक हातभर नसली तरी वीतभर तरी चीर आहे. नाकात नळी, हाताला सलाइन, आणि नर्स येऊन दर दोन तासांनी एकच विचारायची, "वारा सरला का?" तिसऱ्या दिवशी तो भडकला. "तीस वर्षं बाजारात लोकं मला भाव इचारतात, तुमी वारा इचारता! सरला म्हंजे सांगन ना बोंबलून." चौथ्या दिवशी सरला, तेव्हा त्यानं खरोखरच बोंबलून सांगितलं आणि सगळा वॉर्ड हसला. मग चमचाचमचा पाणी, मग ताकाची निवळ, मग पेज. आतडं हलू लागलं, टाक्यांत पू झाला नाही, ताप आला नाही. ऑपरेशन नामी झालं होतं. डॉक्टरांकडून त्यात केसाइतकीही कसूर नव्हती.

घरी सोडताना आहार सांगणाऱ्या स्वराली नावाच्या मुलीनं सत्यमच्या हातात दोन पानी कागद दिला. काय खायचं, किती खायचं, कधी खायचं, सगळं मराठीत छापलेलं. पण कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जठराच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार. आता हा कागद लासूरच्या घरी कसा न्यायचा? बाप सातवी शिकलेला, त्याला वाचता येत होतं. आप्पासाहेबांनी सल्ला दिला, तूच वाच आणि तोंडी सांग. सत्यमनं कागद घडी करून फ्लॅटमधल्या कपाटात ठेवला आणि आईला तोंडी सांगितलं, "हलकं द्या आन तिखट नको." दोन पानांतलं एवढंच पारूबाईपर्यंत पोचलं.

पारूबाईनं हलकं म्हणजे काय तर गोड, असं धरलं. यात तिचं काय चुकलं? आपल्याकडं आजाऱ्याला गोडच देतात. साजूक तुपातला शिरा, दूध-साखर, गुळाची लापशी. ऑपरेशन झालेल्या माणसाला ताकद आली पाहिजे म्हणून वाटी वर आली की ती पुन्हा भरली जायची. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि जो तो पेढे नाहीतर केळी घेऊन आला. येणाऱ्यासमोर पेशंटनं खाल्लं नाही तर येणाऱ्याला वाईट वाटतं, म्हणून कडुबानं खाल्लं. खाल्लं की वीस मिनिटांत छाती धडधडे, अंगाला दरदरून घाम फुटे, डोळ्यांपुढं अंधारी येई आणि मग परसाकडं पळावं लागे. कधी उलटी होई. त्यावर घरात एकच निदान होतं: अशक्तपणा. त्यावर उपायही एकच होता: आणखी खायला घाला.

भेटायला आलेले सगळे म्हणत, "आता तोंडावर तेज आलंय." गालाची हाडं वर आली होती, सदरा खुंटीला लटकावल्यासारखा अंगावर लटकत होता, आणि लोक तेज म्हणत होते. कडुबाला स्वतःच्या पोटाचा संताप यायचा. चार भाकरी जिरवणारं पोट एका वाटीला हार जातं म्हणजे काय? त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण आपलं भरत आलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

मे महिन्यात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आप्पासाहेब आंब्याची पेटी घेऊन आले. पारूबाईनं आमरस केला, पुरणाच्या पोळ्या केल्या. कडुबा नको नको म्हणत असताना आप्पासाहेबांनी स्वतः वाढलं. "दाजी, माझ्या हातची एक वाटी. नाय म्हणायचं नाय." वाटी रस, एक पोळी, वर तांब्याभर पाणी. कडुबा हात धुवायला उठला आणि मोरीच्या उंबऱ्यात कोसळला. डोकं फुटता फुटता वाचलं. घामानं बंडी पिळून निघाली, नाडी हाताला लागत नव्हती. शुद्धीवर आला तेव्हा आप्पासाहेब त्याला साखरेचं पाणी पाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुबा काठी टेकत बाजारात गेला. ओटा रिकामा, काट्यावर धुळीचा थर. त्यानं उपरण्यानं काटा पुसला, चालू केला आणि आधी वीस किलोचं प्रमाणित वजन त्यावर ठेवलं. आकडा बरोबर वीस आला. ते उतरवून पुन्हा ठेवलं. पुन्हा वीस. काट्याचा भरवसा पटल्यावर तो स्वतः चढला.

सत्तेचाळीस किलो.

दसऱ्याला काट्याची पूजा झाली की तो दर वर्षी एकदा स्वतः काट्यावर उभा राही. गेल्या दसऱ्याला चौसष्ट होता. सतरा किलोची घट. गोणीत सतरा किलो घट निघाली असती तर त्यानं आडत्याचं मुंडकं धरलं असतं. इथं घरातले, पाहुणे, मुलगा, सगळे गोणी भरलेली आहे म्हणत होते. काटा खोटा नव्हता. म्हणजे माणसं खोटी होती. कडुबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत म्हणजे दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या पायात जोर आला. तो तसाच स्टेशनवर गेला आणि घरी कुणाला न सांगता पॅसेंजरमध्ये बसला.

पोटूळ गेलं, दौलताबाद गेलं. रुळांच्या दोन्ही बाजूंनी शेतांत धूळ उडत होती. शहर जवळ आलं तसे त्याच धुळीत प्लॉटचे खांब आणि रंगीत पाट्या दिसू लागल्या. एका अर्धवट इमारतीच्या स्लॅबवर माणूस पाइपानं पाणी मारत होता, धो धो. गावात हंडाभर पाण्यासाठी बायका भांडत होत्या आणि इथं सिमेंट पाणी पीत होतं. कडुबा खिडकीतून थुंकला.

डॉक्टर हिमानींनी त्याला दारात पाहिलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, हे काय झालं तुमचं? सत्यम तर म्हणाला तुम्ही ठणठणीत आहात. तपासायला बोलावलं त्या दोन्ही वेळा एकटाच रिपोर्ट घेऊन आला, बाबा प्रवासानं दमतात म्हणाला."

"बाई," कडुबा म्हणाला, "मला काय झालंय ते तुमी सांगा. त्याला इचारू नका. मला सांगा."

त्यांनी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, किती काढलं ते कागदावर चित्र काढून दाखवलं. कडुबा चित्राकडं बघत राहिला. नाव ऐकून हाय खाल्ली का? नाही. त्यानं विचारलं, "मंग आता म्या त्यानंच मरतोय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता. "तो आजार गेलाय. काढलेल्या एकाही गाठीत तो सापडला नाही. तुम्ही वाळताय ते घरी जे खाताय त्यानं. जठर म्हणजे साठवायची जागा. अन्न तिथं थांबायचं आणि थोडं थोडं खाली उतरायचं. आता थांबायला जागाच राहिली नाही. गोड खाल्लं, वर पाणी प्यायलं की सगळं धाडकन आतड्यात जातं. म्हणून धडधड, म्हणून घाम, म्हणून चक्कर. हे पहिल्या दिवसापासून लिहून दिलंय मी. दोन पानं! कागद कुठाय?"

"मला कागद नाय मिळाला."

त्यांनी दुसरा कागद काढून दिला. तो त्यानं तिथंच बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दिवसातून आठ वेळा, वाटी-वाटी. घास बारीक चावून. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. साखर, गूळ, रस बंद. जेवल्यावर थोडा वेळ टेकून पडणं. मऊ खिचडी, दही, अंडं, मुगाची उसळ. दर महिन्याला एक इंजेक्शन. यात अवघड काय होतं? पारूबाईनं हे सगळं डोळे झाकून केलं असतं. एक वाटी आणि थोडा धीर, एवढ्यावर त्याचं निभावलं असतं. बाहेर येऊन त्यानं सत्यमला फोन लावला.

"उद्या रविवार. लासूरला ये. तुपल्या मामालाबी घेऊन ये."

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत चौघं बसली. पारूबाईला काहीच ठाऊक नव्हतं, ती चहा टाकायला उठत होती. कडुबानं तिला हातानं खाली बसवलं आणि खिशातला कागद सत्यमपुढं टाकला.

"वाच. वरच्या वळीपासून. मोठ्यानं."

सत्यमनं कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आप्पासाहेब घाईनं म्हणाले, "दाजी, आमी तुमच्या भल्यासाठीच..."

"तुमी गप बसा. तुमचं भलं म्या काट्यावर ठिवून पाह्यलंय. सतरा किलो भरलं. वाच रे!"

सत्यमनं वाचलं. कॅन्सर हा शब्द त्यानं पुटपुटल्यासारखा उच्चारला, तरी पारूबाईच्या कानावर पडला. ती आधी गोंधळली. मग पुढच्या ओळी ऐकू लागली. गोड पदार्थ पूर्ण बंद, हे वाक्य आलं तेव्हा ती ताडकन उठली.

"शिरा बंद? रस बंद? आन म्या दोन महिने काय चारलं रे यायला? मपल्या हातानं! तुला ठाऊक व्हतं, आप्पादादा, तुला ठाऊक व्हतं, आन तू आखितीला रस वाढत व्हता? तुमी दोघांनी इख कालवून मपल्या हातात दिलं!"

"पारू, मला कुठं ठाऊक व्हतं रसानं असं व्हतं म्हणून. म्या काय कागद वाचला नव्हता," आप्पासाहेब म्हणाले.

"मंग मला का नाय वाचून दाखवला? मपल्या पोटात राहत नाय म्हणून? चार महिने यायच्या पोटात काय चाललंय ते तुमच्या पोटात बरं राह्यलं!" तिनं कोपऱ्यातली आंब्याची पेटी उचलली आणि दारातून अंगणात भिरकावली. आंबे गटाराकडं गडगडत गेले. ती रडत नव्हती.

सत्यम इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानंही आता मान वर केली, आणि त्याला बापाचाच राग आलेला होता.

"आबा, मला बोलता ना? सांडूकाकाच्या वेळंला तुमी काय केलं? म्या अकरावीत व्हतो. त्यायला घशाचा कॅन्सर व्हता, तुमी त्यायला उन्हाची गाठ म्हणून सांगितलं. मला दम दिला व्हता, काकापुढं रोगाचं नाव काढलं तं तंगडं मोडीन म्हणून. काकानं तुमचा हात धरून इचारलं व्हतं, कडू, खरं सांग. तुमी हसले. म्हणले, काय नाय भाऊ, पाऊस पडला की बरं वाटंल. म्या समोर उभा व्हतो. म्या तुमच्याकडूनच शिकलोय."

कडुबाच्या तोंडाशी आलेल्या शिव्या तिथंच राहिल्या. सांडू त्याचा थोरला भाऊ. दोन हजार तीनच्या दुष्काळात गेला. तेरा वर्षांत कडुबाला त्या हसण्याची एकदाही लाज वाटली नव्हती. उलट आपण भावाला शेवटपर्यंत धीर दिला, असं तो अभिमानानं चारचौघांत सांगत आला होता.

त्या दिवसापासून घर कागदावर चालू लागलं. पारूबाईनं कागद सत्यमकडून तीनदा वाचून घेऊन पाठ केला आणि चुलीमागच्या भिंतीला खिळ्यानं ठोकला. आप्पासाहेबांशी ती चार महिने बोलली नाही. दिवसातून आठ वेळा ती कडुबापुढं लहान वाटी ठेवी आणि घास मोजत समोर बसे. त्यानं घाई केली की ओरडे, पाण्याचा तांब्या उचलला की हिसकावून घेई. कडुबा चिडे, "बायको हायेस का जेलर?" आणि पुन्हा चावू लागे. भेटायला आलेल्या कुणी पेढ्याचा पुडा काढला तर कडुबा स्वतःच सांगे, "मला कॅन्सर झाला व्हता. तीनातले दोन वाटे पोट कापून काढलंय. पेढा तुमीच खा." काही जणांनी पाणीही न पिता काढता पाय घेतला, जसा काही रोग पेल्याला चिकटला होता. त्यांना तो दारापर्यंत शिव्या घालत जाई, आणि ते त्याच्या तब्येतीला मानवतही होतं.

जूननंतर उलट्या थांबल्या. घाम यायचा राहिला. ऑगस्टमधल्या एका सकाळी तो अंथरुणावरून उठला आणि पोटात काहीतरी कुरतडल्यासारखं वाटलं. दुखणं परत आलं म्हणून तो घाबरला. मग त्याला कळलं, ही भूक आहे. सहा महिन्यांत भूक म्हणून लागली नव्हती, नुसतं वेळ झाली म्हणून गिळलं होतं. त्यानं पारूबाईला हाक मारून सांगितलं आणि ती पदरानं डोळे पुसत वाटी आणायला गेली. त्या वर्षी पाऊसही बरा झाला. दसऱ्याला ओट्यावर मक्याच्या गोण्या आल्या, काट्याची पूजा झाली आणि कडुबाचं वजन त्रेपन्न भरलं. दिवाळीनंतर शहरात पुन्हा दुर्बिणीची तपासणी झाली. आत सगळं स्वच्छ होतं. "आता पोटानं जमवून घेतलंय," डॉक्टर हिमानी म्हणाल्या. "चौसष्ट होणार नाही, पण त्रेपन्नावर सुखानं राहाल."

परतताना तो दौलताबादला उतरला. सांडूची बायको मनकर्णाबाई किल्ल्याखालच्या रस्त्याला सीताफळं विकत बसे. त्याला पाहताच तिनं टोपली शेजारणीकडं सोपवली आणि त्याला घरी नेलं. जेवता का विचारलं, तर तो म्हणाला, "कोरभर भाकर द्या, वहिनी. दुधात कुस्करून. साखर नका घालू." ती चुलीपाशी बसून भाकर कुस्करू लागली आणि तो तिच्या पाठीकडं बघत बोलला, कारण तोंडाकडं बघून बोलवलं नसतं.

"वहिनी, सांडूभाऊला म्या खोटं सांगितलं व्हतं. त्याला घशाचा कॅन्सर व्हता. म्या गाठ म्हणलो."

मनकर्णाबाईचा हात थांबला नाही. "त्यायला ठाऊक व्हतं, भावजी."

"कसं ठाऊक? कुणी सांगितलं?"

"दवाखान्यात बाजूच्या खाटंवरच्या माणसाला तेच औषध चालू व्हतं. त्यानं सांगितलं. घरी आल्यावर हे मला म्हणले, कडूपुढं बोलू नको. तो लई जीव तोडून खोटं बोलतोय, त्याला वाटू दे मला कळलं नाय."

सांडूच्या दुखण्यात चार महिने कडुबा दर रविवारी या घरी येत होता, हसत होता, पावसाच्या गप्पा मारत होता, आणि खाटेवरचा सांडू त्याच्यासाठी हसत होता. मग संताप उसळला, सांडूवर, या बाईवर, चुलीतल्या धुरावरसुद्धा. "मंग बोलला कामून नाय तो? तुमी तरी मला कामून नाय सांगितलं? तेरा वर्षं, वहिनी!"

"सांगून काय केलं असतं तुमी?" ती वळून म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग होता, जुना, निवलेला नव्हे. "तुमी गेले की ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. मपल्याशीबी बोलायचं बंद केलं व्हतं. तुमी एकदा नुसतं इचारलं असतं, भाऊ, भेव वाटतंय का, तं तेवढं बास व्हतं त्यायला. रोग तं कुणालाच बरा करता येत नव्हता."

तिनं वाटी त्याच्यापुढं ठेवली आणि समोर बसली. कडुबानं एक घास घेतला. कागदात सांगितल्याप्रमाणं चावला, पुष्कळ वेळ चावला, गिळला. तो छातीपाशी कुठंतरी अडकून राहिला. मनकर्णाबाई त्याच्याकडं बघत होती.

"उतरला का नीट?" तिनं विचारलं.

व्हय म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं.

"नाय, वहिनी," तो म्हणाला. "नाय उतरला."